नऊ बोटांचा परवाना

माझ्या हातची रोपं परदेशात जाऊन झाडं झाली, फळाला आली, आणि मी अजून तालुक्याच्या बसस्टँडपलीकडे गेले नव्हते. आता हा अन्याय नाही तर काय? रोपांची तपासणी होते, त्यांना दाखला मिळतो, शिक्का बसतो, खोक्यात घालून त्यांना विमानात चढवतात. आणि त्यांना जन्माला घालणारी मी, माझ्याकडे साधा पासपोर्ट नव्हता.

मी कलमं करते. एकोणतीस वर्षं, एकाच रोपवाटिकेत. जे येतं ते मी लपवत नाही. आमच्या भागात माझ्यासारखा काप कोणाचाही नाही. शंभरातली पंच्याण्णव कलमं धरतात. उरलेली पाच पाणी घालणाऱ्याच्या चुकीने जातात.

आमचं काम जोडीचं असतं. कापणारा मुळासाठी वाढवलेल्या गावठी रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर देतो, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासतो आणि त्या चिरेत बसवतो. बांधणारा लगेच प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळतो, आत वारा शिरायच्या आधी. कापणाऱ्याच्या सुरीला बांधणाऱ्याने हात लावायचा नाही, आणि कापणाऱ्याने पट्टीला शिवायचं नाही. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात. धारेला एका हाताची सवय असते, दुसऱ्याचा हात लागला की ती बिघडते, असं म्हणतात. आमच्या जोडीत मी कापते आणि आमचे हे बांधतात. सुरुवातीला लोक ह्यांना चिडवायचे, "काय रे, बायकोच्या हातात सुरी दिलीस?" हे म्हणायचे, "जीभ आधीपासून तिच्याकडेच होती. सुरीने काय फरक पडतोय?"

रोपवाटिकेत मला सगळे सुरीबाई म्हणतात. ह्यांना कोणी काही म्हणत नाही.

तर गेल्या वर्षी आमच्या मालकीणबाईंनी माझं काम फोनवर टिपलं आणि परदेशातल्या एका बागवाल्याला पाठवलं. आठ दिवसांत उत्तर आलं. आमच्या बागेत या, चार महिन्यांचा हंगाम आहे, राहायची सोय आमची, फक्त तुमच्याकडून हंगामी कामाचा परवाना काढून आणा. मालकीणबाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "सुरीबाई, एक अडचण आहे. वयाची अट पन्नास."

"मग अडचण कसली? मला पन्नास पूर्ण व्हायला अजून अकरा महिने आहेत."

"म्हणजे हा एकच हंगाम."

"एकच पुरे," मी म्हटलं. "मी तिथे संसार थाटायला चालले नाही."

तोंडाने असं म्हटलं खरं, पण मला जायचं होतं. फार जायचं होतं. माझी झाडं उभी असलेली मला बघायची होती. रोप हाताएवढं झालं की ते माझ्या समोरून जातं, पुढे त्याचं काय होतं मला कधी कळत नाही. एकुलती एक मुलगी लग्न होऊन गेली, ती निदान फोन तरी करते.

मग मी मागेच लागले. पासपोर्ट काढला. डॉक्टरकडून छाती तपासून घेतली. फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "हसू नका." मी म्हटलं, "बाबा, मी हसत नाहीये, माझं तोंडच असं आहे." एकेक कागद गोळा होत गेला आणि शेवटी राहिले बोटांचे ठसे. त्यासाठी शहरातल्या परवाना केंद्रात जायचं होतं.

आणि तिथेच माझी अक्कल गहाण पडली.

कलमवाल्यांचे हात काळे असतात. झाडाचा चीक बोटांवर बसतो, वाळतो, काळा पडतो, आणि साबणाने जात नाही. एरवी मला त्याचं काही नसतं. पण सरकारी माणसासमोर बसायचं, परदेशाचा प्रश्न, असे हात घेऊन कसं जायचं? लोक म्हणतील, कुठून आलं हे ध्यान. आदल्या दिवशी दुपारी मी लिंबू घेतलं, राख घेतली, पाय घासायचा दगड घेतला आणि बसले. चार तास घासलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हात आहेत ते, भांडी नाहीत."

"उद्या बघाल, लग्नातल्या नवरीसारखे हात घेऊन जाते की नाही."

"अति तिथे माती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. सासूबाईंचं खरं ठरतं तेव्हा मला फार राग येतो, म्हणून हे आधीच सांगून टाकते की त्यांचं खरं ठरलं.

परवाना केंद्रात थंडगार हवा, पांढऱ्या खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी. माझा नंबर आला. मशीनसमोर एक पोरगी बसली होती, माझ्या मुलीच्या वयाची. मी ऐटीत दोन्ही हात काचेवर ठेवले. स्वच्छ, गुलाबी, एक डाग नाही. मशीनने लाल दिवा दाखवला.

"मावशी, जरा दाबून."

दाबलं. लाल. पुसून ठेवलं. लाल. एकेक बोट ठेवलं. दहाच्या दहा लाल. पोरगीने माझा हात हातात घेतला, बोटाच्या टोकावरून स्वतःचं बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. काय केलंत?"

"स्वच्छ करून आले," मी म्हटलं. मला माझाच आवाज बारीक ऐकू आला.

मागच्या माणसाला हसू आलं. मी वळून असं बघितलं की त्याचं हसू जागच्या जागी विझलं. मग पुन्हा पोरगीकडे वळले. मी विचारलं, "मग आता?"

पोरगी भली होती. तिने सांगितलं, आधीच कामाने रेषा झिजलेल्या असतात, त्यात तुम्ही घासून उरल्यासुरल्या काढून टाकल्या. एखादं बोट उठलं नाही तर कारण लिहून पुढे पाठवता येतं, पण एकही नाही म्हटल्यावर फाईल पुढे जात नाही. महिनाअखेरीला फाईल बंद होते. तिने मला शेवटच्या दिवसाची वेळ दिली. एकवीस दिवस. "तोवर हातांना आराम. सुरी नाही, भांडी नाहीत, साबण नाही. रोज तेल लावा. रेषा परत येतात, मावशी, पण त्यांना सवड द्यावी लागते."

मी घरी आले आणि सांगितलं. आमच्या ह्यांनी तेलाची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता एकवीस दिवस तू महाराणी."

एकवीस दिवस! मी आयुष्यात एकवीस मिनिटं रिकामी बसलेली नाही. बाळंतपणातसुद्धा आठव्या दिवशी मी रोपवाटिकेत होते. आता सकाळी उठायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं. हे पहाटे उठून भात लावायचे, भांडी घासायचे, मग कामावर जायचे. तिथे मालकीणबाईंनी त्यांना दुसऱ्या कापणाऱ्याबरोबर तात्पुरतं लावलं होतं. भाजी सासूबाई चिरायच्या, बोटाएवढे तुकडे. मी दारातून ओरडायची, "आई, भाजी आहे ती, सरपण नाही!" त्या शांतपणे म्हणायच्या, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तेल लावलंस का?"

हे मला आंघोळीला पाणी काढून द्यायचे, वेणी घालून द्यायचे. वेणी मात्र बघण्यासारखी. एकोणतीस वर्षं पट्टी गुंडाळणारा माणूस. एक केस सैल नसायचा. मी म्हटलं, "अहो, डोकं आहे, कलम नाही. फुटायचंय का माझ्या डोक्यातून काही?"

"फुटलं तर बरंच होईल," हे म्हणाले.

रोज दुपारी मी उन्हात बसून बोटं डोळ्यांजवळ धरायची. पाचव्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी काही नाही. पी हळद हो गोरी, असं कुठे असतं? दहाव्या दिवशी करंगळीवर केसासारख्या बारीक रेषा दिसल्या, आणि खरं सांगते, मी तिथेच बसल्या बसल्या रडले. सासूबाईंनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, करंगळी आली.

चौदाव्या दिवशी सकाळी मालकीणबाईंचा फोन. दुसरा कापणारा तापाने फणफणलाय आणि काल संध्याकाळी जुन्या झाडाच्या तीनशे काड्या उतरवून आणल्यात. ते झाड रस्तारुंदीत जात होतं, आज सकाळी ते तोडणार होते. त्या जातीचं दुसरं झाड आमच्याकडे नाही. काड्या ओल्या गोणपाटात आहेत, आज नाही बांधल्या तर उद्या त्या सरपणात.

"मी येऊ का?" मी विचारलं.

"छे छे, तुम्ही कशा येणार? नुसतं सांगितलं."

नुसतं सांगितलं! जळत्या घराबद्दल कोणी नुसतं सांगतं का? मी चपला घातल्या. ह्यांनी सायकल काढली होती. माझ्याकडे बघितलं आणि मला मागे बसवलं.

सावलीच्या जाळीखाली बाकावर गोणपाट पसरलं होतं. मी वाकून काड्या बघितल्या. काय काड्या होत्या! डोळे टपोरे, साल हिरवीगार. पेटीतून मी माझी सुरी काढली. मनात म्हटलं, एका दिवसाने काय बिघडतंय? सात दिवस अजून आहेत. येतील परत रेषा. एक काडी उचलली, सुरीचं पातं तिच्यावर टेकवलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. मग माझ्या हातातून सुरी काढून घेतली.

माझ्या सुरीला एकोणतीस वर्षांत दुसऱ्या कोणाचं बोट लागलं नव्हतं. मी नुसती बघत राहिले. मालकीणबाई पण बघत राहिल्या.

"अहो, हे काय?"

"बस तिकडे," हे म्हणाले. "हात मांडीवर ठेव."

"तुम्हाला येतं का?"

"बघू."

पहिली काडी ह्यांनी तिरकी तासली. दुसरी तुटली. तिसरी तासताना अंगठ्यात सुरी घुसली, रक्त आलं. मी ओरडायला लागले. "अहो, सुरी ओढू नका, काडी ओढा! मनगट कशाला फिरवताय? अंगठा पुढे, अंगठ्यावर येऊन थांबायला हवी!" ओरडता ओरडता मला कळलं की मला सांगताच येत नाहीये. हाताला ठाऊक आहे ते तोंडाला ठाऊकच नाही. इतकी बडबडी मी, आणि नेमक्या वेळी माझ्याकडे शब्द नव्हते.

"तू जरा गप्प बस," हे म्हणाले. ह्यांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला, काडी धरली. आणि कापताना ह्यांच्या जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

मालकीणबाई हसायला लागल्या. "अय्या! अगदी तुमच्यासारखं!"

"माझ्यासारखं म्हणजे?"

"तुम्ही कापताना जीभ बाहेर काढता ना, तशी."

मला माहीतच नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. हा माणूस एकोणतीस वर्षं माझ्यासमोर बसून बघत होता. हात कसा धरते, काडी कशी ओढते, जीभ कुठे ठेवते. त्याने सगळं जसंच्या तसं घेतलं होतं, जिभेसकट. चौथी काडी उतरली. दोन्ही बाजूंनी सरळ, एका ओढीत, आरशासारखी.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. असा राग आला की काय सांगू. म्हटलं, "येत होतं तर बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

ह्यांनी काडी चिरेत बसवली. "दोघंही कापायला लागलो असतो तर बांधलं कोणी असतं?"

मग मी मालकीणबाईंवर घसरले. बांधायला त्या बसल्या होत्या, मालकी त्यांची असली तरी पट्टी त्यांना जमत नव्हती. "बाई, साडीला पिन लावताय का? ताणा! अजून ताणा! खालून वर, पाऊस पडला तर पाणी आत जाता कामा नये!" त्या बिचाऱ्या निमूट ऐकत होत्या. दिवस मावळेपर्यंत दोनशे साठ कलमं झाली. चाळीस काड्या वाया गेल्या. मी मांडीवर हात ठेवून बसले होते, आणि कधी नव्हे इतकी दमले होते.

एकविसाव्या दिवशी मी परवाना केंद्रात गेले, ते हात कसे होते तसेच घेऊन. नखांत काळं होतं, तेलाने बोटं चमकत होती. तीच पोरगी बसली होती. तिने नुसती मान हलवली. मी डावा हात ठेवला. हिरवा. उजव्या हाताची चार बोटं ठेवली. हिरवा! मागे वळून बघितलं, कोणी हसायला आलंय का, पण कोणाचं लक्ष नव्हतं. आता उजवा अंगठा.

लाल. पुन्हा ठेवला. लाल.

आतल्या खोलीतून एक साहेब आले. चष्म्यातून माझा अंगठा बघितला. त्यावर आडव्या चिरा आहेत, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतक्या. "हा कशाने असा झाला?"

"साहेब, सुरी इथे येऊन थांबते," मी म्हटलं. पोरगीच्या टेबलावरचं पेन सुरीसारखं आणि पेन्सिल काडीसारखी धरून दाखवलं. "अशी. प्रत्येक काडीला दोनदा. दिवसाला चारशे काड्या. एकोणतीस वर्षं. या अंगठ्यावर तुमच्या मशीनला काही दिसायचं नाही. पण तुमच्याच कागदात लिहिलंय की मला कलमं करायला बोलावलंय. हा अंगठा धड असता ना, तर तुम्ही मला परत पाठवायला हवं होतं."

साहेबांनी पुन्हा एकदा अंगठा बघितला. मग पोरगीला म्हणाले, "नऊ घ्या. दहाव्याचं कारण लिहा, कामाने झिजला."

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत गेले. पेटीतून सुरी काढली, ह्यांच्यासमोर ठेवली आणि मी बाकाच्या त्यांच्या बाजूला, बांधणाऱ्याच्या पाटावर बसले.

"हे काय?" हे म्हणाले.

"मी चार महिने नसेन. तुमचा हात बसायला हवा. कापा तुम्ही."

"आणि परवाना आला नाही तर?"

"न येऊन सांगतोय कोणाला? कापा."

पट्टी मी हातात घेतली. बाई गं! ती ताणायची म्हणजे करंगळीच्या बाजूने धरून खेचावी लागते. पन्नासाव्या रोपाला करंगळी ठणकायला लागली, शंभराव्या रोपाला सुजली. संध्याकाळी मला चहाचा कप धरवेना. ह्यांच्या करंगळ्या वाकड्या आहेत, दोन्ही. मला वाटायचं, जन्मापासूनच तशा असतील. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हा मी खाली मान घालून बसले होते, बोटं कुठे बघितली?

"रोज असं दुखायचं?" मी विचारलं.

"पहिली दोन वर्षं. मग दुखायचं थांबतं."

माझी अशी बोलती बंद झालेली पाहून हेच घाबरले. म्हणाले, "अगं, बरी आहेस ना?"

बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, दुपारी, मालकीणबाई कार्यालयातून पळत आल्या. हातात मोठं पाकीट. "सुरीबाई, आला! तुमचा परवाना आला!" सगळ्या जोड्या काम सोडून उभ्या राहिल्या.

ह्यांनी नुकतीच काडी चिरेत बसवली होती. मी पट्टीचे दोन वेढे घेतले होते, तिसरा बोटांत ताणलेला होता. बांधणाऱ्याने मध्येच हात सोडला की काडी हलते, आणि हललेली काडी धरत नाही. इतके महिने मी ज्या कागदासाठी जीव टाकत होते, तो हातभर अंतरावर होता.

"सोड, मी बांधतो," हे म्हणाले.

"तुम्ही सुरी धरा," मी म्हटलं. "थांबा, मालकीणबाई. एवढी गाठ मारू दे."

सगळे थांबले. मी चार वेढे घेतले, खालून वर, गाठ मारली, रोप उचलून ओळीत ठेवलं. मग म्हटलं, "आता वाचा."

पाकीट ह्यांनी फोडलं. माझा तो न हसलेला फोटो, हंगामाची तारीख, कामाच्या रकान्यात कलम करणे. ह्यांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली, आणि शेवटची दोनदा वाचली. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यावर सुरीचे जुने व्रण.

मग ह्यांनी आपला अंगठा त्या ओळीशेजारी धरला. त्यावर नव्या चिरा होत्या, सात-आठ. एक कालचीच. "माझी पण खूण पडायला लागली," हे म्हणाले. "पण त्रेपन्नाव्या वर्षी मला कोण बोलावतंय?"

लोक हसले. मी नाही हसले. मी सगळ्यांसमोर, ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी परत येईपर्यंत ह्यांना सुरीभाऊ म्हणायचं. आणि आल्यावरही म्हणायचं." मालकीणबाई म्हणाल्या, "ठरलं."

हे खाली बघून उगाच सुरी पुसत राहिले. मग परवाना माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही, त्यांच्याच खिशात ठेवायला सांगितला. माझी बोटं चिकाने काळी झाली होती, आणि या वेळी मला ती घासायची नव्हती.